टोमॅटोची रोपं आडवी पडली? औषध आणायच्या आधी खोडाचा तळ बघा

जुलैमध्ये कोल्हापुरात पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि नेमकं त्याच वेळी लोकांच्या गॅलरीत टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये असतात. सकाळी उठून बघावं तर रोपं आडवी. मग घरातलं कुणीतरी म्हणतं पाणी कमी पडलं असंल, घाल अजून तांब्याभर, शेजारच्या काकू म्हणतात बुरशी आलीय, औषध मारा. यात गडबड अशी होते की रोप आडवं पडायची मुख्य कारणं दोन आहेत, लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर रोपं हातची जातात.

एक म्हणजे मर, ज्याला शेतकरी रोपं कोलमडणं पण म्हणतात. हा रोग आहे, मातीतल्या बुरशीमुळं येतो, पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोप्थोरा ही त्यातली नेहमीची नावं. दुसरं म्हणजे उजेड कमी पडल्यामुळं रोप उंच, बारीक, लेचंपेचं होणं आणि स्वतःच्याच वजनानं झुकणं, हा रोग नाहीच, रोप बिचारं उजेड शोधत वर पळत असतं.

ओळखायचं कसं तर पानं बघू नका, पानं फसवतात, मर लागलेल्या रोपाची पानं पहिल्या दिवशी चांगली हिरवीगार असतात. खाली वाकून खोड जिथं मातीतून बाहेर येतं ती जागा बघा. मर असंल तर तिथं खोड पाणी भरल्यासारखं, मऊ आणि तपकिरी दिसतं, वर खालच्या खोडापेक्षा तेवढाच भाग आत गेलेला, कुणी दोरा आवळून बांधलाय असा. दोन बोटांनी हळूच उचललं तर रोप तिथंच तुटून हातात येतं, किंवा मूळ आलंच तर ते तपकिरी असतं आणि ओढल्यावर त्याची साल सुटून आत पांढरा धागा राहतो. मातीवर कधीकधी कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पण दिसते, पण ती दिसली नाही म्हणून मर नाही असं समजू नका.

उजेड कमी पडलेल्या रोपाचं खोड वरपासून खालपर्यंत एकसारखं बारीक आणि फिकट असतं, कुठं डाग नाही, कुठं आवळलेलं नाही, हाताला कुजल्यासारखं मऊ लागत नाही. मुळं पांढरी. बीजपत्रं म्हणजे ती पहिली दोन लांबट पानं मातीपासून बरीच उंच गेलेली असतात, आणि ट्रेमधली सगळी रोपं खिडकीकडं एकाच दिशेला झुकलेली असतात. ट्रेभर पसरण्यातला हा फरक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. मर सहसा सगळ्या ट्रेला एकदम लागत नाही, एका कोपऱ्यात चार रोपं पडतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूची, असा गोल टापू वाढत जातो. उजेडाचा प्रॉब्लेम मात्र सगळ्यांना एकदम असतो.

वेळेवरनं पण अंदाज येतो. मर ही साधारण उगवल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतली गोष्ट, बीजपत्रांनंतरची खरी पानं दोन-तीन आली आणि खोड जरा कडक झालं की धोका लई कमी होतो. उलट उगवायच्या आधी मातीतच बी कुजलं तर तीसुद्धा मरच, पण आपण म्हणतो बी बोगस निघालं. उबदार हवेत टोमॅटोचं बी साधारण पाच ते आठ दिवसांत वर येतं, दहा-बारा दिवस झाले तरी काहीच नाही तर माती उकरून बी बघा, मऊ होऊन सडलंय का कोरडं तसंच पडलंय. दुकानदाराशी भांडायला त्यानंतर जावा.

आता उपाय. उजेड कमी असंल तर औषधाचा काहीही उपयोग नाही, ट्रे हलवा. गच्चीवर पत्र्याच्या कडेला, जिथं पाऊस थेट पडत नाही पण आभाळ मोकळं दिसतं अशी जागा शोधा. पश्चिमेकडची गॅलरी पावसाळ्यात टाळलेली बरी, इकडं पाऊस वाऱ्याबरोबर त्याच बाजूनं झोडपतो. जागाच नसंल तर पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभरापेक्षा कमी अंतरावर टांगा आणि दिवसाला चौदा-सोळा तास चालू ठेवा, चार फूट वरच्या छताच्या दिव्यानं काही होत नाही. रोज एकदोनदा रोपांच्या शेंड्यावरून हलका हात फिरवला तरी खोड आखूड आणि जाड होतं, वाऱ्यात रोप कडक होतं तसंच, हे खरंच होतं, करून बघा. आणि झालेली लांब रोपं टाकू नका! टोमॅटोच्या खोडाला जिथं माती लागंल तिथं मुळं फुटतात, त्यामुळं कुंडीत लावताना बीजपत्रांपर्यंत खोल पुरायचं, लांब खोडाचा तोटा राहत नाही.

मर मात्र लागली की ते रोप गेलं, ते वाचत नाही, कुणी कायबी सांगू दे. पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीची दोन बोटं माती काढून बाहेर फेका, कंपोस्टच्या बादलीत नको. बाकीची वाचवायची असतील तर पहिलं काम पाणी थांबवणं. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणजे ओल्या ट्रेमध्ये तुम्ही घातलेला प्रत्येक तांब्या त्यांना पुढच्या रोपापर्यंत नेऊन सोडतो. वरची माती सुकू द्या, रोपं दाट असतील तर विरळ करा, हवा खेळू दे. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम मिसळून मुळाशी घालतात, त्यानं निरोगी रोपांना आधार मिळतो. पण ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी, टाकलेला असंल तर लगेच वरनं हे ओतू नका, बुरशीनाशक चांगल्या बुरशीलाही मारू शकतं. ट्रायकोडर्मा मुळात आधी टाकायची गोष्ट आहे, बी पेरतानाच मातीत किंवा बियाला चोळून.

मातीबद्दल एक अगदी कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडं पंचगंगेच्या काठची मळीची माती सहज मिळते, ऊसाला ती सोनं आहे, पण बियाच्या ट्रेला ती चालत नाही. बारीक गाळ असल्यामुळं पाणी धरून बसते, तळाला हवा जात नाही आणि बुरशीला पाहिजे ते सगळं मिळतं. कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत वापरा. अर्धवट कुजलेलं शेणखत नको, साखर कारखान्याची ताजी प्रेसमड, म्हणजे ऊसाचा रस गाळून उरलेला गाळ, तर नकोच. माती वापरायचीच तर एप्रिल-मेच्या उन्हात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे झाकून ठेवा. जुना ट्रे असंल तर साबणानं घासून कडक उन्हात वाळवा.

जातीवर पण भरवसा ठेवू नका. राहुरी कृषी विद्यापीठाची धनश्री, भाग्यश्री किंवा बंगळूरची अर्का रक्षक, सगळ्या चांगल्या आहेत, अर्का रक्षकमध्ये तर तीन रोगांना प्रतिकार आहे, पण त्या तिनात रोपांची ही मर येत नाही.

आणि बऱ्याचदा दोन्ही एकदमच होतं. अंधारी गॅलरी, पावसाळी दमट हवा, रोज पाणी, मग उजेडाविना नाजूक झालेल्या खोडात बुरशी पटकन शिरते. अशा ट्रेमध्ये खिडकीकडं झुकलेली रोपं पण दिसतील आणि एका कोपऱ्यात तळाशी आवळलेली पण, तेव्हा आधी मर धरून चला, पाणी बंद, आजारी रोपं बाहेर, आणि लगेच ट्रे उजेडाला. अर्ध्याच्या वर रोपं गेली असतील तर त्या ट्रेच्या मागं लागू नका, गणपती उठले की सप्टेंबरच्या शेवटाला नवीन बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका, तेव्हा आभाळ उघडतं, आणि पंचवीस-तीस दिवसांत रोपं लावायला तयार होतात.