तांब्याला गिऱ्हाईक, काचेला कुणी नाही

कोल्हापुरात लोखंड वाया जात नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांपासून पुढं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांपर्यंत मोडीला इथं कायम मागणी राहिली. फुटलेलं पंपाचं आवरण भट्टीत जातं आणि नवं कास्टिंग होऊन बाहेर येतं. त्यामुळं जुनी वस्तू भंगारवाल्याला दिली की ती मार्गी लागली, हा समज शहरात पक्का. बरीच वर्षं तो खराही होता.

1982 च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, 1991 नंतर हप्त्यावरचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन. तरीही मोडीत काढायची घाई कुणाला नव्हती. पिक्चर ट्यूब गेली तर तिच्या मानेतली इलेक्ट्रॉन सोडणारी गन बदलून तीच पुन्हा बसवायची. अगदीच जुना झाला तर टीव्ही गावाकडच्या घरी. सपाट पडदे आल्यावर हे गणित फिरलं. ट्यूब बनायच्याच बंद झाल्या, त्यामुळं जुन्या ट्यूबची काच नव्या ट्यूबसाठी वितळवायची वाटही बुजली.

भंगारात टीव्ही कसा उघडतात ते एकदा पाहावं. मागचं कव्हर निघतं, ट्यूबच्या मानेवर हातोडी बसते, हवा आत शिरताना फुस्स आवाज होतो. मग मानेभोवतीची योक, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, ओढून काढायची, सर्किट बोर्ड वेगळ्या पोत्यात. राहिलेल्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसं मिसळलेलं असतं. ती कुणालाच नको असते, म्हणून उकिरड्यावर जाते. फ्रिजचंही तेच: कॉम्प्रेसरसाठी नळी कापली की गॅस हवेत. बोर्डावरचं सोनं ॲसिडात उतरवणारे पुढं कुठं तरी असतात. ते सांडपाणी कुठं जातं, हे वेगळं सांगायला नको. यात भंगारवाल्याला खलनायक करण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्याला भाव, ते तो काढतो.

जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे ई-कचरा नियम 2011 मध्ये निघाले आणि 1 मे 2012 पासून लागू झाले. 2016 मध्ये ते बदलले. त्यानंतर तीन वर्षं होत आली असताना, ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कात शिरलं. ओसरल्यावर रस्त्यांवर भिजलेल्या गाद्यांसोबत चिखलानं भरलेले फ्रिज, मिक्सर, टीव्ही. एवढा माल एकदम उचलायची सोय नियमांतल्या, कागदावरच्या संकलनाच्या साखळीत नव्हती. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला.

1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नव्या नियमांत उत्पादकाला पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात: त्यानं पूर्वी विकलेल्या आणि आता आयुष्य संपलेल्या मालाच्या पहिली दोन वर्षं 60 टक्के, 2027-28 पासून 80 टक्के. पण आधीच्या नियमांतल्या संकलन केंद्राला आणि सुटे भाग करणाऱ्याला आता वेगळी नोंदणी उरलेली नाही. आणि प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. सोनं वगळलं तर भंगारवाल्याच्या तराजूवरची यादीही हीच. शिशाची काच दोन्हीकडं नाही.