कागद आपल्याकडेही आहेत

समलिंगी स्त्रीपुरुषांचा इतिहास जपणे ही परदेशी गोष्ट, आपल्याकडे जपण्याजोगे कागदच नाहीत, असा समज वडोदऱ्याच्या मराठी वाचकांतही आढळतो. तो चुकीचा आहे. समलिंगी स्त्रियांचे कागद जपणारे न्यूयॉर्कचे लेस्बियन हर्स्टरी अर्काइव्ह्ज १९७४चे, हे खरे. पण मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी वाचकांचे नियतकालिक निघाले, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ‘कमरा’ हा अशाच कागदपत्रांचा संग्रह आहे, आणि याच वडोदऱ्यात राहून आपले समलिंगी असणे उघडपणे रंगवणाऱ्या चित्रकार भूपेन खख्खर यांचे १९८१चे चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयाने जपले आहे. माणूस गेल्यावर घरची मंडळी लाजेपोटी पत्रे, फोटो, रोजनिशा जाळतात, याचे मला फार दुःख होते. संग्रहालयाला कागद देताना ते ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची लेखी अट घालता येते.