‘गंग हो’ म्हणजे ‘मिळून काम करा’ नव्हे

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात ट्रेनिंग द्यायला बाहेरचा पाहुणा आला की पडद्यावर ‘गंग हो’ झळकण्याची दाट शक्यता असते. सांगतात काय, तर ही जुनी चिनी घोषणा, अर्थ ‘मिळून काम करा’. (आपल्या गंगेशीही तिचा संबंध नाही, घाटावर तसले शोध लावू नयेत.)

मुळात ही घोषणाच नव्हे, लघुरूप आहे. जपानी आक्रमणात चीनचे कारखाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा १९३८ मध्ये न्यूझीलंडचे रेवी ॲली आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे औद्योगिक सहकारी संस्था उभ्या केल्या. चिनी नाव ‘गोंगये हझ्वोशे’. उद्योगातला ‘गोंग’ आणि सहकारातला ‘ह’ घेतला, झाले ‘गोंग-ह’, इंग्रजीत ‘गंग हो’. सातपूरची ‘नाईस’ आठवा. नाशिक इंडस्ट्रियल को-ऑपरेटिव्ह इस्टेटची ती आद्याक्षरे. पाटी वाचून कुणी ‘छान’ असा अर्थ लावला तर?

दोन्ही अक्षरे सुटी केली की ‘काम’ आणि ‘एकत्र’ असे अर्थ निघतात खरे, म्हणून तर गैरसमज टिकला. अमेरिकी मरीन (नौदलाच्या जोडीने लढणारे सैनिक) अधिकारी इव्हान्स कार्लसन यांनी ॲलींकडून हा शब्द उचलला आणि १९४२ मध्ये आपल्या रेडर (छापामार) बटालियनचे ब्रीद केले. पुढच्याच वर्षी त्या नावाचा सिनेमाही आला. बाकीच्या मरीनना मात्र या पठ्ठ्यांचा उत्साह जरा अतीच वाटे. ते टोमणा म्हणून शब्द वापरू लागले. आज इंग्रजीत कुणाला ‘गंग हो’ म्हटले, तर त्यात बऱ्याचदा ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ हाच सूर असतो.