गुडघा बदलल्यावर पोटरीकडे लक्ष ठेवा

“आईचा गुडघा बदललाय, ते पांढरे मोजे द्या. मीडियम चालतील.” असं सांगत रोज कुणीतरी दुकानात येतं. गुठळी होऊ नये म्हणून पाय आवळून धरणारे हे मोजे मापाचेच लागतात, म्हणून आम्ही मीडियम काढत नाही, आधी टेप काढतो. ते का, हे सांगायला हा कागद.

हाड कापलं की शरीराच्या लेखी ती मोठी जखम असते. रक्त गोठवायची यंत्रणा जोरात सुरू होते आणि टाके निघाले तरी लगेच थंडावत नाही. काही आठवडे गुठळीचा धोका राहतो. ऑपरेशनच्या वेळी बऱ्याचदा मांडीला पट्टा आवळून रक्त अडवलेलं असतं, पाय वाकवताना-ओढताना शिरांचं आतलं अस्तर दुखावू शकतं. त्यात पेशंट खाटेवर. पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू. ते हललेच नाहीत तर रक्त शिरांमधल्या झडपांपाशी रेंगाळतं आणि तिथेच गुठळी धरते. सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

मुख्य उपाय म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं, गुठळी होऊ न देणारं पोटातलं इंजेक्शन किंवा गोळी. गुडघ्याला साधारण दोन आठवडे, खुब्याला पाच आठवड्यांपर्यंतही. बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवू नका. जागेपणी तासातासाला पाऊल वर-खाली हलवायचं. मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि तेही जोडीला. आमचा धंदा मोज्यांचा, तरी हे सांगतोय.

माप सकाळी, पाय पलंगाखाली सोडण्याआधी घ्या: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी आणि पोटरीच्या जाड भागावर. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी उकडतंय म्हणून मोजा वरून दुमडला होता. काढला तेव्हा पोटरीभोवती लालभडक वळ. दुमडलेली कड दुप्पट आवळते, म्हणजे रक्त अडवायची सोय आपणच केली! मधुमेह असेल, पावलं गार पडत असतील, तर डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिल्याशिवाय मोजे घालूच नका.

ऑपरेशननंतर थोडी सूज असतेच. पण पोटरी अचानक जास्त सुजली, दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घेतील. तोवर तेल लावून चोळायचं नाही, मालिशवाल्या बाई कितीही जुन्या असल्या तरी. एकाएकी दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर आम्हाला नको, १०८ ला फोन करा.

मापाला पैसे नाहीत. जिना उतरणं जमत नसेल तर आम्ही घरी येतो; सकाळी लवकर बोलवा, चहा नको.