कोहिमाची वॉर सिमेट्री: जाण्याआधी वाचून घ्या

आमच्या नागालँड सहलीत कोहिमाच्या वॉर सिमेट्रीसाठी अख्खी सकाळ राखलेली असते. ‘कबरी बघायला एवढा वेळ कशाला?’ असं बुकिंगच्या वेळी हमखास विचारलं जातं, म्हणून हे पत्रक.

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून भारतात शिरल्या. काही इम्फाळकडे वळल्या, एक डिव्हिजन कोहिमाकडे. कोहिमा पडलं असतं तर खाली दिमापूरच्या रेल्वेलगतचा रसदीचा प्रचंड साठा उघडा पडला असता. ४ एप्रिलला लढाईला तोंड फुटलं. जपान्यांनी तोडलेला इम्फाळचा रस्ता मोकळा झाला तो २२ जूनला. सुरुवातीचे दोन आठवडे एका टेकडीवर जेमतेम दीड हजार ब्रिटिश-भारतीय लढवय्ये वेढ्यात अडकले होते. सिमेट्री आहे तीच ही टेकडी.

उपायुक्तांचा बंगला होता तिथे टेनिस कोर्ट होतं. कोर्टाच्या एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश-भारतीय सैनिक, मधलं अंतर हातबॉम्ब फेकण्याइतकं. बंगला लढाईत जमीनदोस्त झाला, पण कोर्टाच्या रेषा सिमेट्रीत आजही आखून ठेवल्या आहेत. त्यांच्या कडेला उभं राहिलं की अंतर कळतं; फोटोत ते कळत नाही.

मराठी माणसाचा इथे काय संबंध, हेही विचारतात. कोहिमाकडे येणाऱ्या जपान्यांना वाटेत मणिपूरमधल्या सांगशाक गावी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भारतीय पॅराशूट ब्रिगेडने अडवून धरलं. त्या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. ब्रिगेडची जबर हानी झाली, पण तेवढ्यात कोहिमाला तयारीसाठी मोलाचे दिवस मिळाले. आझाद हिंद सेनेचे जवान याच मोहिमेत जपान्यांबरोबर होते. म्हणजे भारतीय दोन्हीकडून लढले. गाडीत यावर वाद होतात, होऊ द्यावेत. १४ एप्रिल १९४४ ला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला ते मोइरांग मणिपूरमध्ये आहे; या सहलीत ते नाही.

बघायचं कसं?

फाटकातून आत आल्यावर खालच्या बाजूला ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनची उभी शिळा लागते. तिच्यावरचा इंग्रजी मजकूर जगप्रसिद्ध आहे. बहुतेक गट तिथे फोटो काढतात आणि माघारी फिरतात. आमच्या मते ही कोहिमाची सर्वांत मोठी चुकामूक. १,४२० कबरी ओलांडत टप्प्याटप्प्याने अगदी वर जा. सर्वांत उंच जागी दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. कबर नाही, म्हणून नावं एकत्र कोरली आहेत. आपल्याकडचे प्रवासी नेमके इथेच पोचत नाहीत.

कबरींवर उभे दगड नाहीत, बुटक्या चौथऱ्यांवर पितळी रंगाच्या पाट्या आहेत. वय जरूर वाचा. चौथऱ्यांवर बसू नका, रील तर नकोच. तिकीट नाही. चढ आणि पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, म्हणजे आम्ही सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करतो.

दुपारी किसामाला, साधारण १२ किलोमीटरवर. हॉर्नबिल महोत्सवाच्या या गावातच दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. नागा गावकऱ्यांनी वाटाडे, हमाल, जखमींचे वाहक म्हणून जी कामं केली ती लक्षात ठेवून ते बघा. युद्ध त्यांच्या घरांवरून, शेतांवरून गेलं होतं.

परवान्याचं: नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागतं, दिमापूरसाठीसुद्धा. ओळखपत्राची प्रत आणि फोटो वेळेत पाठवलात तर अर्ज आम्ही ऑनलाइन भरतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, औषधं शनिवारीच घ्या. राज्यात दारूबंदी आहे. शाकाहारी जेवणाची सोय करतो, पण आयत्या वेळी सांगितलंत तर वरणभातावर भागवावं लागेल. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं. सकाळी सातला गाडी सुटते ती त्यामुळेच, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी ती थांबत नाही.