पार्श्वभूमी : न उमटलेला पट्टा आणि अल्फा-१ अँटीट्रिप्सिन

नागपुरात ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ हा शब्द लोकांच्या कानावर आला तो सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे. विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिनं आपापल्या वेगानं सरकतात आणि त्यांचे वेगळे पट्टे उमटतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याच तंत्रानं सिकलसेलचं हिमोग्लोबिन वेगळं असतं हे दाखवलं. पुढे याच तंत्रातून स्वीडनमध्ये एक दुसराच आजार सापडला : अल्फा-१ अँटीट्रिप्सिन या प्रथिनाची कमतरता. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत छातीच्या ओपीडीसमोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल.

स्वीडनमधल्या माल्मो शहरातले डॉक्टर कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तद्रवाचे नमुने तपासत होते. पाच नमुन्यांत ‘अल्फा-१’ या गटातल्या प्रथिनांचा पट्टा जवळपास उमटलाच नव्हता. दुसऱ्या कुणी तो नमुना बिघडला म्हणून बाजूला टाकला असता. लॉरेल यांनी तरुण डॉक्टर स्टेन एरिक्सन यांच्यासह त्या रुग्णांचा माग काढला. पाचपैकी तिघांना एम्फिसीमा होता, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती विरत चालल्या होत्या. १९६३ मध्ये हा शोधनिबंध छापून आला.

त्या पट्ट्यातलं मुख्य प्रथिन त्याआधीच वेगळं काढलं गेलं होतं आणि ट्रिप्सिन या पचनाच्या एन्झाइमला रोखतं म्हणून त्याला अँटीट्रिप्सिन हे नावही मिळालं होतं. पण त्याचं खरं लक्ष्य आहे इलॅस्टेज. जंतू दिसले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हे एन्झाइम सोडतात. ते जंतूंची प्रथिनं कापतं, आणि आवरलं नाही तर फुप्फुसाला लवचीक ठेवणारे धागेही कापतं. त्याला आवरणारं प्रथिन यकृत तयार करतं आणि ते रक्तातून फुप्फुसात पोचतं. संसर्ग झाला की त्याचं प्रमाण तीन-चार पटींनी वाढतं. मला हा प्रतिकारशक्तीचाच भाग वाटतो. मारा करणं जितकं गरजेचं, तितकंच तो वेळेवर थांबवणंही.

ते काम कसं करतं, हे २००० साली स्फटिकरचनेतून स्पष्ट झालं. प्रथिनाचा एक फास बाहेर डोकावत असतो. इलॅस्टेजनं तो चावला की उंदराच्या सापळ्यासारखी खटकी सुटते, एन्झाइम दुसऱ्या टोकाला फेकलं जाऊन पिळवटतं आणि कायमचं निकामी होतं. सापळाही पुन्हा वापरता येत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; चावा बसतो तो तिच्यातल्या ३५८व्या जागेवरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लावर. पिट्सबर्गच्या एका मुलात तिथं आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं आणि हेच प्रथिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला रोखू लागलं. तो रक्तस्रावानं दगावला. १९८३ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. एका अमिनो आम्लाची ही किंमत!

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या सहाव्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल बदलतं, तर अँटीट्रिप्सिनच्या ‘झेड’ या सदोष प्रकारात ३४२व्या जागेवरचं. मग प्रथिनं एकमेकांत अडकून यकृतातच साचतात. त्यामुळे फुप्फुस उघडं पडतं आणि यकृतही खराब होऊ शकतं.

झेड प्रकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात दुर्मीळ आहे. तरी विषय आपल्यासाठी संपत नाही. सिगारेटच्या धुरानं त्याच ३५८व्या मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि चांगलं जनुक असलेल्या माणसाचंही प्रथिन दुबळं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ मध्येच सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) प्रत्येक रुग्णाच्या रक्तातली या प्रथिनाची पातळी एकदा तपासण्याची शिफारस केली आहे. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या चाळिशीच्या माणसाला एम्फिसीमा निघाला, तर त्यानं ही तपासणी डॉक्टरांना स्वतःहून विचारावी.