देखरेखीच्या यंत्रणेतील संबंधांची चित्रे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या पेढीतील आणि गोदामातील नेटवर्कवर आम्ही नागिऑस या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने देखरेख ठेवतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमधील, म्हणजे कशावर आणि कशी देखरेख ठेवावी हे लिहिलेल्या फाइलमधील, परस्परसंबंध दाखवणारी दोन चित्रे यापुढे प्रत्येक ग्राहकास देण्यात येतील. ती कशी वाचावीत आणि त्यांतील चूक आम्हाला का कळवावी, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

समजा, देखरेखीचा सर्व्हर सियागंजातील पेढीवर आहे, तेथून रेडिओ लिंकने सांवेर रोडवरील गोदाम जोडलेले आहे आणि गोदामातील एका स्विचमागे (अनेक उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीमागे) आठ कॅमेरे, हजेरीचे यंत्र व बिलिंगचा संगणक आहे. रात्री त्या स्विचची वीज गेली की अकरा उपकरणे एकदम गप्प होतात. प्रत्येक उपकरणाचा ‘पेरेंट’ कोण, म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कोणत्या उपकरणातून जाते, हे कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असल्यास नागिऑस स्विचला ‘डाउन’ (स्वतः बंद) आणि उरलेल्या दहांना ‘अनरीचेबल’ (वाट बंद असल्याने पोहोचता न येणारी) ठरवतो. लिहिलेले नसल्यास अकराही ‘डाउन’ ठरतात आणि मालकाच्या मोबाइलवर मध्यरात्री अकरा संदेश येऊन पडतात. अर्थात पेरेंट लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. कोणत्या स्थितीत संदेश धाडावा, या यादीतून अनरीचेबलचे ‘यू’ हे अक्षर काढायचे राहिले, तर ते दहा संदेश येतातच.

पहिल्या चित्रात हीच वाट बाणांनी दाखवलेली असते. ती नेहमी सर्व्हरच्या जागेवरून मोजली जाते, त्यामुळे उद्या सर्व्हर गोदामात हलवला, तर जोडणी तीच राहूनही पेढी आणि गोदाम यांमधील बाण उलटे करावे लागतात. एखाद्या उपकरणाकडे दोन बाण येत असतील, तर त्याला दोन वाटा आहेत आणि दोन्ही बंद पडल्याशिवाय ते अनरीचेबल ठरणार नाही, असे समजावे.

दुसरे चित्र टेम्प्लेटचे आहे. तपासणी किती वेळाने करावी, संदेश कोणाला जावा, यांसारख्या गोष्टी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी पुन्हा न लिहिता एका टेम्प्लेटमध्ये लिहितात आणि कॅमेरे त्या तेथून घेतात. एकाच उपकरणाला दोन टेम्प्लेट जोडलेली असून दोन्हींत एकच गोष्ट वेगवेगळी लिहिलेली असेल, तर आधी नाव असलेल्या टेम्प्लेटचे चालते. उपकरणाच्या स्वतःच्या नोंदीत ती असेल, तर मात्र तीच अंतिम. मुख्य टेम्प्लेटमधील एक ओळ बदलली की किती उपकरणांवर परिणाम होईल, हे फाइल वाचून पटकन ध्यानात येत नाही. चित्रात ते बाण मोजून कळते. दोन्ही संबंध एकाच कागदावर काढण्याचा मोह आम्हालाही झाला होता, परंतु ते जाळे आम्हालाच वाचता येईना.

ही चित्रे हाताने काढलेली नसतात. आमची एक छोटी स्क्रिप्ट चालू कॉन्फिगरेशन वाचते आणि ग्राफव्हिझ हे सॉफ्टवेअर त्यावरून मांडणी करते, म्हणून फाइलमध्ये जे आहे तेच कागदावर उतरते; फाइलमधील चूकसुद्धा. नागिऑस सुरू करण्यापूर्वी आम्ही त्याची स्वतःची तपासणी चालवतो. नसलेल्या उपकरणाचे नाव लिहिले गेले किंवा दोन उपकरणे एकमेकांची पेरेंट ठरली, तर ती तपासणी अडवते. मात्र तिसरा कॅमेरा खरोखर गोदामातील स्विचला जोडला आहे की शेजारच्या खोलीतल्या, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. ते आपल्याकडील माणसांना ठाऊक असते.

म्हणून चित्र हाती आल्यावर गोदाम सांभाळणाऱ्या व्यक्तीसह ते एकदा ताडून पाहावे, चुकीच्या बाणावर पेन्सिलने खूण करावी आणि कागद आमच्याकडे परत पाठवावा. इलेक्ट्रिशियनने स्विच हलवला किंवा तार दुसऱ्या पोर्टला लावली, तर त्याच दिवशी कळवावे. चित्रावर उपकरणांचे आयपी पत्ते छापलेले असल्याने ते काउंटरमागील भिंतीवर लावू नये, कपाटात ठेवावे.